इंजिनापासून तिसरा डबा

दौंडला घर घेताना एक गोष्ट कुणी सांगत नाही. उभ्या महाराष्ट्रातल्या नातेवाइकांची गाडी आपल्या दारात थांबते. नुसती थांबत नाही, फिरते! इंग्रजांनी १८७८ साली मनमाडची लाईन इथं आणून जोडली ती अशी, की नगरकडून आलेली गाडी स्टेशनात शिरते तेव्हा तिचं तोंड सोलापूरकडं असतं. कर्नाटक एक्स्प्रेसला ते सोयीचं, ती तशीच सरळ पुढं. पण पुण्याला जायचं असेल तर इंजिन सोडायचं आणि शेपटाकडं नेऊन लावायचं. याला लागणारा वेळ आमच्या मावशीला तोंडपाठ आहे.

"तुमच्याकडं इंजिन बदलतात ना? मग ये की भेटायला! जेवणाचं काही करू नका हं, आपलं पिठलं-भाकरी."

हे 'काही करू नका' सहा माणसांचं असतं.

"डबा कुठला?"

"इंजिनापासून तिसरा."

गाडी येते. मी पिशवी सांभाळत पुढं पळतो, तोवर इंजिन आणि पहिल्या डब्याच्या फटीत वाकलेला माणूस कपलिंग सोडून मोकळा झालेला असतो आणि इंजिन शेजारच्या लाईनीवरून माझ्या उलट्या दिशेनं निघालेलं असतं. फोन वाजतो. "अरे, हे म्हणतायत इंजिन आता तिकडं लागणार. तू तिकडंच थांब!" म्हणजे नक्की कुठं, हे विचारेपर्यंत फोन बंद. पिठल्याचा डबा कलंडून पिशवी पिवळी झालेली.

त्यात नवखे प्रवासी. पुण्याहून नगरला निघालेली गाडी दौंडहून आल्या वाटेनंच परत निघते, की एखादे आजोबा वळकटीसकट दारात. "अहो, ही परत पुण्याला चालली!" त्यांना आत ढकलत मी ओरडतो, "बसा आजोबा, आत्ता भीमेचा पूल लागेल!" पगार नाही, पण चौकशी खिडकी मीच.

पुण्याची आणि नगरची लाईन थेट जोडणारी कॉर्ड लाईन झाली आणि काही गाड्या जंक्शनात न शिरता बाहेरच्या बाहेर जायला लागल्या, तेव्हा मी घरात पेढे आणले होते. संध्याकाळी मामांचा फोन.

"ते कॉर्ड लाईनचं स्टेशन तुझ्या घरापासून किती लांब रे? तिथं गाडी फार थांबत नाही म्हणतात. तू आपला अर्धा तास आधीच येऊन उभा राहा. आणि पिठलं जरा घट्टच कर, सांडायला नको."