घड्याळातले सगळे काम क्लाउडवर टाकता येत नाही

अंगावर वापरायच्या उपकरणांत फक्त सेन्सर आणि पडदा असावा, बाकीचे सगळे गणित क्लाउडमध्ये, म्हणजे इंटरनेटवरच्या दूरच्या सर्व्हरवर व्हावे आणि ५जी आल्यावर घड्याळासाठी वेगळे सॉफ्टवेअर लिहिणे हा श्रमांचा अपव्यय आहे, असा दावा सध्या बराच फिरतो आहे. सर्व्हरची ताकद, नेटवर्कचा वेग आणि देखभालीची सोय अशी त्याची तीन कारणे दिली जातात.

सर्व्हरची ताकद कोणी नाकारत नाही, पण इथे अडचण बॅटरीची आहे. हालचाल टिपणारा तीन अक्षांचा ॲक्सेलरोमीटर सेकंदाला १०० नोंदी घेत असेल आणि प्रत्येक अक्षाला २ बाइट लागत असतील, तर सेकंदाला ६०० बाइट, म्हणजे दिवसाला सुमारे ५२ मेगाबाइट साठतात. नाडी मोजणारा प्रकाश-सेन्सर यात धरलेलाच नाही. हे सगळे वर पाठवायचे तर रेडिओला, म्हणजे बिनतारी संदेश पाठवणाऱ्या भागाला, वारंवार जागे करावे लागते, आणि २०१५ च्या पहिल्या ॲपल वॉचच्या लहान मॉडेलची बॅटरी अवघी २०५ मिलिअँपिअर-तासांची होती. याच नोंदींतून पावले मनगटावरच मोजली, तर पाठवायला उरतात ते मोजके बाइट. अँड्रॉइडने २०१३ मध्ये ४.४ आवृत्तीत सेन्सरच्या नोंदी हार्डवेअरमध्येच साठवून गठ्ठ्याने देण्याची सोय केली, ती मुख्य प्रोसेसरला मधल्या वेळात झोपू देता यावे म्हणूनच. कोणी जागे राहायचे आणि कोणी झोपायचे, हा या रचनेतला पहिला निर्णय असतो. दाव्यात त्याचा उल्लेखही नाही.

वेगाच्या मुद्द्याचे उत्तर वॉचओएस या ॲपल वॉचच्या कार्यप्रणालीच्या पहिल्या आवृत्तीने दिलेले आहे. त्या आवृत्तीत बाहेरच्या विकसकांच्या ॲपचा पडदा घड्याळात असे आणि प्रोग्राम आयफोनवर चाले. बटण दाबले की तो स्पर्श ब्लूटूथने फोनकडे जाई, तिथे प्रोग्राम चाले, उत्तर परत येई आणि तोवर वापरणारा हात उचलून फिरते चक्र पाहत राही. २०१५ च्याच सप्टेंबरमध्ये आलेल्या दुसऱ्या आवृत्तीने तो प्रोग्राम घड्याळावर आणला. खिशातला फोन जिथे लांब पडला, तिथे दूरच्या सर्व्हरचे काय सांगावे? शिवाय तळघरात किंवा घाटात रेंज गेली, तरी माणूस पडल्याचे घड्याळाला कळलेच पाहिजे.

देखभालीचे कारण अर्धे खरे आहे. एका जागचा प्रोग्राम दुरुस्त करणे सोपे जाते, परंतु मग माणसांच्या हालचालींच्या नोंदीही एकाच जागी जमतात. व्यायामाच्या नोंदी ठेवणाऱ्या स्ट्राव्हा या ॲपने वापरणाऱ्यांच्या मार्गांचा जो नकाशा जाहीर केला, त्यात कोणाचेही नाव नव्हते, तरीही जानेवारी २०१८ मध्ये त्यावरून लष्करी तळांच्या आतले रस्ते ओळखता आले.

क्लाउडला या रचनेत जागा जरूर आहे: महिनोन्‌महिन्यांच्या नोंदींतून कल शोधणे आणि नोंदींवरून हालचाली ओळखायला शिकणारे मोठे प्रोग्राम, म्हणजे मॉडेल, शिकवणे ही कामे तिथेच व्हावीत. शिकवून झालेले मॉडेल मात्र लहान करून पुन्हा मनगटावरच उतरवावे लागते.