त्र्यंबकेश्वरच्या मुक्कामाबद्दल एक तारा देणाऱ्या ताईंना

नमस्कार ताई,

आमच्या लॉजला एक तारा देताना आपण लिहिलेल्या तक्रारी वाचल्या. गाडी गावाबाहेर लावून आईंना चालवत आणावं लागलं, रात्रभर माणसांचा राबता आणि जिन्यात चिखल, पांघरुणं सादळलेली, आणि जादा पैसे देऊ केले तरी आम्ही दर्शन करून दिलं नाही.

आपण आलात तो श्रावणातला तिसरा सोमवार. त्या दिवशी ब्रह्मगिरीची फेरी असते. लोक रविवारी रात्रीच गावातल्या कुशावर्त कुंडात स्नान करून निघतात आणि प्रयागतीर्थ, पहिणे करत भर पावसात डोंगराला वळसा घालतात. छोटी फेरीच वीसेक किलोमीटरची. खाजगी गाड्या पोलीस बाहेरच थांबवतात, नाशिकहून एसटीच्या जादा बस असतात. पोरं जिना पुसतच होती, पण पहाटे अनवाणी, भिजून आलेल्या माणसाला आम्ही दारात उभं ठेवत नाही.

पांघरुणांचं म्हणाल तर श्रावणात इथे ढग खिडकीतून आत येतात. चादरी इस्त्री करून देतो, तरी सादळतात.

दर्शनाचं मात्र नीट सांगतो. देणगी दर्शनाची पावती देवस्थान देतं. त्यापलीकडे ‘मागून सोडतो’ म्हणत कुणी लॉजवाल्यानं पैसे घेतले, तर ती रांगेतल्या माणसांची फसवणूक आहे. त्या रांगेत पेठ-सुरगाण्याकडची, हातावर पोट असलेली माणसं असतात. गाभाऱ्यात उंच पिंडी नाही. खळग्यात अंगठ्याएवढी तीन लिंगं, ब्रह्मा-विष्णू-महेश. तेवढ्या क्षणभराच्या दर्शनासाठी ती तासन् तास उभी राहतात. पैसे घेऊन त्यांच्या पुढे कुणाला घुसवायचं काम आमच्याकडून होणार नाही. यापायी तारे कमी झाले तरी चालतील.

आईंचं दर्शन राहिलं, याचं मनापासून वाईट वाटतं. दिवाळीची सुट्टी संपल्यावर, सोमवार आणि शनिवार-रविवार टाळून या. पौषातली निवृत्तिनाथांची यात्राही टाळा, तेव्हा दिंड्यांनी गाव भरलेलं असतं. एरवी गाडी दारापर्यंत येते, आणि पहाटे लवकर गेलात तर रांगही कमी असते. चार दिवस आधी फोन करा, आईंसाठी तळमजल्यावरची खोली राखून ठेवतो.