‘हातात किती पडतात तेवढं बघा’ म्हणणाऱ्यांना

छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज औद्योगिक वसाहतीतल्या कामगारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर सारखा फिरतोय. त्यात म्हटलंय की हातात पडतो तोच खरा पगार, बेसिक आणि भत्ते हा नुसता कागदी खेळ. पीएफ कापला की नुकसान कामगाराचंच. आणि मराठवाड्यातल्या माणसाच्या गरजा कमी, तो पंधरा हजारांतही समाधानी असतो.

आधी बेसिकचं बोलू, सगळी गोम तिथंच आहे. समजा पगार 20,000. त्यात बेसिक-डीए (मूळ वेतन आणि महागाई भत्ता) 7,000, बाकीचे 13,000 घरभाडं, प्रवास, धुलाई, ‘इतर भत्ता’ अशा नावांनी. दहा वर्षांनी नोकरी सोडली, तर दर वर्षामागे 15 दिवसांचा पगार आणि महिना 26 दिवसांचा या हिशेबाने ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना मिळणारी एकरकमी रक्कम, जुन्या नियमाने व्हायची 40,385 रुपये. त्याच वीस हजारांत बेसिक 14,000 असतं, तर 80,769. काम तेच, माणूस तोच! निव्वळ कागदी खेळ असता तर भत्त्यांवर पीएफ नको म्हणून कंपन्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या नसत्या. फेब्रुवारी 2019 मध्ये न्यायालयाने सांगितलं, सरसकट सगळ्यांना मिळणारा भत्ता पीएफसाठी मूळ वेतनातच धरायचा. आता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या वेतन संहितेनुसार वेतनातून वगळलेले भत्ते एकूण पगाराच्या निम्म्याहून जास्त झाले, तर निम्म्यावरची रक्कम वेतनात मिळवावी लागते.

ओटीचंही, म्हणजे ओव्हरटाइमचंही तेच. दुप्पट दर 1948 च्या कारखाना कायद्यापासून आहे, आणि त्या कायद्यात तो भत्ते धरून काढायचा होता. पण स्लिपवर ‘ओटी’समोर एकच आकडा असतो. तास किती, दर कुठला, काहीच नाही. नुसत्या बेसिकवर ओटी काढली तरी पोराला कळणार कसं?

पीएफची कपात छोट्या पगारात टोचते, हे खरंच आहे. महिनाअखेरीला हजार-दीड हजार रुपये मोठे असतात. पण 12 टक्के आपले गेले की मालकालाही 12 टक्के भरावे लागतात, हे तो मजकूर सांगत नाही. राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. भरतीच्या वेळी ‘बावीस हजार’ सांगतात, त्यात मालकाचा पीएफही धरलेला असतो, आणि खात्यात सतरा येतात. हा दोष पीएफचा नाही, तोंडी आकडा फुगवून सांगणाऱ्याचा आहे.

राहिल्या गरजा. वाळूजलगतच्या रांजणगाव, बजाजनगरच्या खोल्यांत जालना, बीड, परभणी, हिंगोलीची पोरं तिघं-चौघं मिळून राहतात. इथलं भाडं, मेस, आणि गावी आईवडील. जूनमध्ये बी-बियाणं, खत. खर्च दोन घरांचा आहे. याला गरजा कमी म्हणायचं? तक्रार करत नाहीत, कारण नाव ठेकेदाराच्या यादीत असतं आणि गेटपास कधीही बंद होतो. त्याच लाइनवर शेजारी उभा परमनंट माणूस तेच काम कितीतरी जास्त पगारात करताना रोज दिसतो. ते गप्प बसतात, त्याला समाधान म्हणू नका.

तेव्हा या महिन्याची स्लिप हातात आली की एकूण पगारात बेसिक-डीए किती ते बघा. ओटीचे तास आणि दर लेखी मागा, एकट्याने नाही, चौघांनी मिळून मागा. आणि यूएएनचं, म्हणजे आपल्या पीएफ क्रमांकाचं पासबुक उघडा. मागच्या महिन्याचा भरणा या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत व्हायला हवा, ठेकेदार काहीही सांगो.