हिरवट लेबलांबद्दल: दोष कागदाचा नव्हता, आमच्या मशीनवरचा होता

नमस्कार ताई,

तुमचा अभिप्राय वाचला. हापूस पल्पच्या ८५० ग्रॅमच्या डब्यांसाठी तुम्ही आमच्याकडून १२,००० लेबलं छापून नेलीत. २४ गठ्ठ्यांपैकी पहिले आठ सुरेख, मधले आठ चालण्यासारखे, आणि शेवटच्या आठांत आंबा हिरवट. गिऱ्हाईक तुम्हाला विचारतं, ‘पल्प कैरीचा आहे का?’ तुम्ही फोन केलात तेव्हा काउंटरवरून सांगितलं गेलं की कागदाचा लॉट बदलला असेल.

तक्रार शंभर टक्के खरी आहे. ते कागदाचं उत्तर लेबल हातात न घेताच दिलेलं होतं, आणि ते चुकीचं होतं. त्याबद्दल तुमची माफी मागतो. तुम्ही पाठवलेली दोन्ही लेबलं शेजारी ठेवली, तर न छापलेली पांढरी कड दोन्हीकडे अगदी सारखी दिसते. कागद बदलला असता तर ती कडही वेगळी दिसली असती.

मग हिरवा आला कुठून? पिवळी शाई चार रंगांत सगळ्यात नाजूक. तिच्यात मॅजेंटा (गुलाबी-लाल शाई) गेली की केशरी झाक येते, निळी गेली की हिरवी. म्हणजे निळीच गेली होती. आमचं मशीन दोन रंगी आहे. आधी काळा आणि निळा छापतो, कागद वाळला की रोलर धुऊन मॅजेंटा आणि पिवळा. पहिला संशय धुण्यावर गेला. पण रोलर नीट धुतले नसते तर सुरुवातीचीच शीटं हिरवट आली असती आणि ताजी शाई येत गेली तसा रंग सुधारत गेला असता. तुमच्याकडे झालं नेमकं उलटं. ‘पहिले चांगले, शेवटचे खराब’ हे तुम्ही लिहिलंत, त्याच वाक्याने आम्हाला वाट दाखवली.

म्हणजे निळी शाई मशीन चालू असताना आत येत होती, आणि ती तुमच्याच कागदावरून येत होती. पहिल्या फेरीतला निळा पुरता वाळला नव्हता. अशा ओल्या निळ्यावर पिवळ्याचं ब्लँकेट (प्लेटवरची शाई कागदावर उतरवणारं रबर) दाबलं की थोडी निळी शाई ब्लँकेटला चिकटते, तिथून प्लेटवर, प्लेटवरून रोलरवर आणि हळूहळू डक्टपर्यंत, म्हणजे शाई भरतो त्या खाचेपर्यंत, जाते. १,५०० शीटं होती. पाचशेपर्यंत डोळ्याला काही कळत नाही, हजारानंतर झाक दिसायला लागते.

खात्री करायची म्हणून छपाईच्या दिवशी डक्टमधली उरलेली पिवळी शाई ज्या डब्यात परत काढली होती तो शोधला. त्यातला ठिपका आणि सीलबंद डब्यातला ठिपका पांढऱ्या कागदावर शेजारी ठेवून एकाच सुरीने पातळ ओढले. सीलबंद डब्यातला हळदीसारखा आला, उरलेल्या शाईचा हिरवट, लिंबाच्या सालीसारखा. तो डबा फेकून दिला. उरलेली शाई डब्यात परत भरायची ही सवय आमच्याकडे होतीच, ती आता बंद केली.

आता निळा वाळला का नाही? जूनची हवा दमट, हे एक. पण प्रत्येक पावसाळ्यात असं होत नाही. हेल्परला विचारलं तर तो प्रामाणिकपणे म्हणाला की छपाईच्या दिवशी प्लेट घाण धरत होती (नको तिथे शाई घेत होती), म्हणून त्याने फाउंटनच्या पाण्यात, म्हणजे प्लेट ओली ठेवणाऱ्या पाण्यात, केमिकल जास्त ओतलं. त्याला त्याच मापाने पुन्हा पाणी करायला लावलं आणि आम्लता मोजायची पट्टी बुडवली: पीएच ४ (आकडा जितका कमी, तितकं आम्ल जास्त). आम्हाला ते ४.८ ते ५.५ च्या दरम्यान हवं असतं. पाणी जास्त आम्लधर्मी झालं की शाई वाळायला फार वेळ घेते. त्या पोराला दोष देणार नाही. पट्टी रोज बुडवायची असते हे त्याला शिकवणं माझं काम होतं. दुसऱ्या फेरीआधी निळ्यावर अंगठा घासून बघणं हे मशीनमनचं काम, तेही घाईत राहून गेलं. शिवाय तो प्रत्येक शीट आधीच्या शीटशी ताडून बघत होता. रंग इतका सावकाश सरकला की त्याच्या डोळ्याला फरक जाणवलाच नाही. तुम्ही पास केलेलं शीट टेबलाच्या खणात पडून होतं.

आता ते शीट मशीनच्या टेबलावर चिकटवलेलं असतं आणि दर २५० शीटांना त्याच्याशी ताडून बघतो.

मधली आणि शेवटची मिळून ८,००० लेबलं नव्याने, विनामूल्य छापून देतो. जी लेबलं डब्यांना लावून झाली आहेत ती काढण्याची मजुरी आम्ही देऊ, आकडा तुम्ही सांगा. यावेळी रंग व्हॉट्सअ‍ॅपच्या फोटोवर पास करू नका, मोबाइलच्या स्क्रीनवर पिवळा फसवतो. छापलेलं शीट कुरियरने पाठवतो, ते दिवसाउजेडात बघा, पहिल्या गठ्ठ्यातलं लेबल शेजारी धरून. तुमचा होकार आल्यावरच पुढची शीटं मशीनवर चढतील.