गाडी आली का?

गाडीला सीएनजी किट बसवलं त्या रात्री मी बायकोला वहीत हिशोब मांडून दाखवला. पेट्रोल शंभरीपार, सीएनजीचं अ‍ॅव्हरेज अमुक, महिन्याला वाचणार तमुक. तिनं वही उलटसुलट पाहिली आणि विचारलं, "रांगेचं कुठं धरलंय ह्यात?" मी हसलो होतो.

आमच्या पंपावर गॅस पाइपातून येत नाही, ट्रकवरून येतो. लोखंडी नळकांड्यांची चळतच्या चळत त्यावर लादलेली असते. त्यामुळे इथं कुणी 'गॅस आहे का' असं विचारत नाही. 'गाडी आली का बे?' एवढंच. उत्तर रिक्षावाल्यांकडं असतं. "टेंभुर्णी सोडली म्हणं." तासाभरानं, "मोहोळला चहाला थांबलीय म्हणं." हे 'म्हणं' कुणाचं, हे मला दोन वर्षांत कळलेलं नाही.

बरं, ट्रक आला म्हणजे सुटलो असंही नाही. भरल्या ट्रकातून पहिल्या काही गाड्यांना दणकून गॅस मिळतो, प्रेशरचा काटा 200 वर जाऊन टेकतो. मग ट्रक रिता होत जातो, त्याचं आणि आपल्या टाकीचं प्रेशर जवळजवळ यायला लागतं आणि गॅस तिकडून इकडं यायला का-कू करू लागतो. शेवटच्या पंगतीला आमटी वाढतात ना, तसं. वर आपलं सोलापूरचं ऊन! तापला की गॅस फुगतो, म्हणजे काटा भरल्यासारखा दिसतो आणि किलोत मात्र कमी बसलेला असतो. ज्या उन्हात आपण दोन तास करपायचं, तेच ऊन आपल्या वाटचा गॅसही खातं.

रांगेत इंजिन चालू ठेवणं म्हणजे पाप. दार उघडायचं, एक हात स्टेअरिंगवर, खांदा दाराच्या चौकटीला आणि ढकला. चाळीस पावलं ढकलली की पुन्हा अर्धा तास विश्रांती. जिमवाल्यांनी ह्याचे पैसे घेतले असते.

एकदा स्टेशनवरून आत्याला घेऊन येताना रांग छोटी दिसली आणि मोह आवरला नाही. छोटी कसली, वळणापलीकडं होती. नंबर आला तेव्हा पोऱ्या म्हणाला, "सगळे खाली उतरा." भरताना गाडीत कुणी बसायचं नाही, हा नियम. आत्या गुडघ्यावर हात ठेवून उतरली. "मेल्या, त्यापेक्षा मी रिक्षानं गेले असते!"

"आत्या, ती रिक्षा बघ. आपल्यापुढं तिसरी."

तिची पिशवी तिच्या मांडीवरच होती, कारण डिकीत टाकी आहे. डिकी आता फक्त नावाला.

'मग पेट्रोल भर की' असं म्हणणारे भेटतात. भरता येतं. पण तीन तास रांगेत घालवल्यावर पेट्रोल भरायचं म्हणजे त्या तीन तासांचा अपमान.

गेल्या महिन्यात मात्र कहर झाला. आमच्याकडं नळाला पाणी चार दिवसांआड, तेही रात्री-अपरात्री. त्या रात्री पाण्याची पाळी होती, आणि अडीच वाजता मी पंपावर होतो, कारण रात्री रांग कमी असते असं मला एका शहाण्यानं सांगितलं होतं. तोच शहाणा माझ्या पुढं दुसरा उभा होता. तेवढ्यात फोन.

"पाणी आलंय! मोटार लागंना. या लवकर."

"गाडी आलीय गं! माझा चौथा नंबर आहे."

पलीकडं क्षणभर शांतता. मागं रिकाम्या घागरीचा आवाज. मग फोन बंद.

नंबर आला. पोऱ्यानं नोझल लावलं, सुरुवातीला फुस्स झालं आणि किलोचे आकडे म्हाताऱ्यानं जिना चढावा तसे चढू लागले. तीनच्या आसपास ते जे बसले, ते बसलेच. "काढू का?" पोऱ्यानं जांभई देत विचारलं. किटच्या चार हिरव्या दिव्यांपैकी दोन लागले होते. दुसरा तर मला बरं वाटावं म्हणून लागला असावा.

घरी पोचलो तर बायको पदर खोचून नळापाशी बसलेली. पिंपाच्या तळाला वीतभर पाणी.

"किती बसला?"

"तीन किलो. प्रेशर नव्हतं."

तिनं नळाकडं बोट केलं. करंगळीएवढी धार पिंपाच्या कडेवरून गुपचूप उतरत होती.

"इथं तरी कुठंय?"