‘दंड भरा, धूर सोडा’ एवढं ते सरळ नाही

कार्बन ट्रेडिंगबद्दल (म्हणजे कार्बन डायऑक्साइड सोडायचे परवाने विकत घेण्या-विकण्याच्या व्यवस्थेबद्दल) एक मजकूर सगळीकडे फिरतोय: ‘पैसेवाल्या कंपन्यांना हवा तेवढा धूर सोडायची सूट. दंड भरला की विषय संपला. परवाने म्हणजे नुसते कागद, देखरेख शून्य. झाडं लावल्याचा दाखला आणला तरी भागतं.’ त्यामागचा संताप खोटा नाही. पण नेम चुकलाय, आणि नेम चुकला की खऱ्या पळवाटा शाबूत राहतात.

आधी दंडाचं. युरोपीय संघाच्या योजनेत (ती २००५ पासून चालू आहे) कारखान्याने जितके टन कार्बन डायऑक्साइड सोडला तितके परवाने (एका टनाला एक) सरकारजमा करावे लागतात. कमी पडले तर टनामागे १०० युरो दंड, तोही महागाईप्रमाणे वाढणारा. दंड भरल्यावरही राहिलेले परवाने द्यावेच लागतात. म्हणजे विषय संपत नाही. स्वीडनच्या बिलेरुड कंपनीने याची चव घेतली आहे. तिच्या दोन कारखान्यांकडे २००६ च्या उत्सर्जनापुरते परवाने होते, फक्त ३० एप्रिल २००७ च्या मुदतीत ते जमा करायचे राहिले. तेव्हाच्या ४० युरोंच्या दराने दंड बसला. चूक निव्वळ कार्यालयीन आहे, असं कंपनीने सांगून पाहिलं. २०१३ मध्ये युरोपीय न्यायालयाने ठरवलं की राष्ट्रीय न्यायालयाला या दंडात सूट देता येणार नाही. मला हा निकाल फार कडक वाटतो, पण ‘सूट’ म्हणावं असं त्यात काहीच नाही.

‘हवा तेवढा धूर’ हेही खरं नाही. एकूण परवान्यांची मर्यादा आधीच ठरते आणि दरवर्षी खाली येते. २०२४ ते २०२७ या काळात वर्षाला ४.३ टक्क्यांच्या दराने.

परवाने नुसते कागद? फसव्या ईमेलमुळे एका कंपनीच्या खात्यातून २१,००० परवाने गेले, तेव्हा २०१२ मध्ये इंग्लंडच्या उच्च न्यायालयाने परवाना ही मालमत्ता मानली आणि ते घेणाऱ्या कंपनीला जबाबदार धरलं. उलट अमेरिकेच्या १९९० च्या हवाप्रदूषणाच्या कायद्यात सल्फर डायऑक्साइड सोडायचा परवाना मालमत्ता नाही, असं स्पष्ट लिहिलं आहे. परवाना म्हणजे नेमकं काय, यावर कायद्यात एकवाक्यता नाही हे खरं. पण म्हणून त्याला किंमत नाही, असं होत नाही.

देखरेखीच्या मुद्द्यात मात्र दम होता. २००८-०९ मध्ये व्हॅट (विक्रीवरचा कर) बुडवणाऱ्या टोळ्यांनी या बाजारात सुमारे ५ अब्ज युरोंचा चुना लावला, असा युरोपोल या युरोपीय पोलीस संस्थेचा अंदाज होता. जानेवारी २०११ मध्ये परवान्यांच्या चोऱ्यांमुळे रोखीचा (लगेच परवाने हाती देण्या-घेण्याचा) बाजार बंद ठेवावा लागला. त्यानंतर सगळ्या देशांची मिळून परवान्यांची एकच नोंदवही आली आणि २०१८ पासून परवान्यांना शेअर-रोख्यांसारख्या वित्तीय साधनांचे नियम लागले. देखरेख उशिरा आली, पण आली.

झाडांचे दाखले ही वेगळीच गोष्ट आहे. अशा दाखल्यांना क्रेडिट म्हणतात, आणि त्यांचा मोठा बाजार ऐच्छिक आहे. युरोपीय योजनेत तर २०२१ पासून आंतरराष्ट्रीय क्रेडिट दाखवून जबाबदारी फेडताच येत नाही.

ओरडायचंच असेल तर फुकट वाटलेल्या परवान्यांबद्दल ओरडा. युरोपीय योजनेच्या पहिल्या टप्प्यात (२००५ ते २००७) ते गरजेपेक्षा जास्त वाटले गेले आणि २००७ मध्ये भाव जवळपास शून्यावर आला. पोलाद, सिमेंट, ॲल्युमिनियम अशा उद्योगांना मिळणारे फुकट परवाने २०२६ पासून कमी होत २०३४ मध्ये बंद व्हायचे आहेत. हे वेळापत्रक लांबवू नका, ही मागणी त्या मजकुरात कुठेच नाही.