तोटीवरून ओघळणारा चहा
मुंबईतल्या हस्तकला प्रदर्शनांतून मी आजवर चिनी मातीच्या तीन हातघडणीच्या किटल्या आणल्या आणि तिन्हींच्या तोटीवरून चहा ओघळून टेबलावर डाग पडतात. तोटीची कड पातळ, धारदार ठेवली की धार तिथेच तुटते आणि ती जाड, गोलसर राहिली की चहा तिला चिकटून खाली उतरतो, हे सुमारे १२०० अंश सेल्सिअसला इतके सुंदर भांडे भाजणाऱ्याला ठाऊक नसेल, यावर माझा विश्वास बसत नाही. एकीच्या झाकणाला हवेसाठी छिद्रच नाही, त्यामुळे धार गचके खात येते. "हाताने केलेले आहे, थोडे चालायचेच," असे विक्रेते म्हणतात तेव्हा मला मनापासून संताप येतो, कारण सकाळची लोकल गाठण्याच्या घाईत रोज चहा ओतणाऱ्या घरात किटली ही शोभेची वस्तू नसते. विकण्यापूर्वी तिच्यातून एकदा तरी पाणी ओतून पाहा!